दगडखाणीचा आकार आणि कामगाराचा जीव

सह्याद्रीच्या कड्यांपासून नागपुरातील सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत महाराष्ट्राची बहुतेक भूमी ज्या काळ्या पाषाणावर वसली आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक गोठत जाऊन सिद्ध झालेला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी, दुर्गांचे तट, नदीकाठचे घाट आणि जुन्या वाड्यांची जोती ज्या पाषाणातून घडली, तोच आज खडीच्या रूपाने रस्त्यांच्या तळाशी, रेल्वेच्या रुळांखाली आणि काँक्रीटच्या प्रत्येक खांबात जाऊन बसलेला आहे. शहर जितके वर चढते तितकी त्याच्या वेशीबाहेरची एखादी टेकडी खाली बसते. पुण्याजवळ वाघोली-लोणीकंदच्या परिसरात, नवी मुंबईच्या डोंगरउतारावर, किंबहुना प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणाहून थोड्याच अंतरावर अशा खाणी आहेत. एखाद-दोन हेक्टरांचे क्षेत्र, एक क्रशर, एक-दोन पोकलेन, पाच-सात डंपर आणि वीस ते चाळीस माणसे, एवढाच त्यांचा विस्तार. या लहान खाणींत माणसे जखमी कशी होतात, त्यांच्या रक्षणार्थ कायद्याने कोणती तजवीज केली आहे, आणि ती तजवीज कागदावरून कड्यापर्यंत पोहोचण्यात कोणती अडचण येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. खाण म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे कोळशाचे भुयार येते, आणि उघड्यावरचा दगड फोडणे हा जणू शेतीला जोडून चालणारा एक किरकोळ धंदा आहे, अशी पुष्कळांची, त्यांत काही मालकांचीही, समजूत असते. कायद्याची दृष्टी तशी नाही. १९५२ च्या खाण अधिनियमाने मुरूम, जांभा, वाळू, इमारती दगड, खडी इत्यादींच्या उत्खननास बहुतेक तरतुदींतून सूट दिली खरी. परंतु उघड्या खाणीस ती सूट मिळण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत, असे तिसऱ्या कलमाने सांगितले. खोदकामाची खोली, सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत मोजता, कोठेही सहा मीटरांहून अधिक नसावी; कोणत्याही एका दिवशी कामावर पन्नासांहून अधिक माणसे नसावीत; आणि स्फोटके मुळीच वापरली जाऊ नयेत. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे यंत्राच्या पात्याने कापून काढणारी उथळ चिरेखाण या तिन्ही अटींत बसू शकते. काळ्या दगडाची खाण मात्र सुरुंगावाचून चालत नाही, आणि सहा मीटरांची मर्यादा ती बहुधा पहिल्या हंगामातच ओलांडते. तेव्हा वीस माणसांची खडीची खाण ही, तिच्या मालकाला ठाऊक असो वा नसो, संपूर्ण अर्थाने खाण आहे. तिला व्यवस्थापक लागतो, प्रमाणपत्रधारक ब्लास्टर आणि मेट लागतात, काम सुरू करण्यापूर्वी सूचना द्यावी लागते, आणि तिच्यावर धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महानिदेशालयाचा अंमल चालतो. अशा सवलतीच्या कक्षेत राहणाऱ्या चिरेखाणीतही अठरा वर्षांखालील मुलास कामावर लावण्याची मनाई होतीच. कारण त्या विषयीचे कलम सूट दिलेल्यांनाही लागूच ठेवले होते. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तेरा कायदे एकत्र करून हा अधिनियमही आपल्यात सामावून घेतला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तथापि खाणकामगाराच्या रक्षणाची जी चौकट सत्तर वर्षांत तयार झाली, तिची ओळख मूळ अधिनियमावरून आणि १९६१ च्या धातुखाण विनियमांवरूनच करून घेणे सोयीचे आहे.

दगडखाणीतील पहिला आणि सर्वांत जुना शत्रू म्हणजे वरून सुटणारा दगड. काळा पाषाण दिसावयास एकसंध असला तरी तो तसा नसतो. लाव्हारस थंड होऊन आकसताना त्यात उभ्या भेगा पडलेल्या असतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा एक मऊ थर सापडतो, आणि माथ्यावर उन्हापावसाने झिजलेल्या मुरुमाचे आच्छादन असते. सुरुंग उडाला की या भेगा रुंदावतात, पावसाळ्यात त्यांत पाणी शिरते, तांबडा थर ओला होऊन निसरडा बनतो, आणि आठवडाभर निश्चल दिसणारा एखादा खांब कोणत्याही पूर्वसूचनेवाचून सुटतो. एक घनफूट काळा दगड सुमारे ऐंशी किलो भरतो. दहा मीटरांवरून सुटलेला धोंडा दीड सेकंदाच्याही आत तळाशी येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटर झालेला असतो. वीस मीटरांवरून आला तर तो वेग सत्तरावर जातो. कॉम्प्रेसरच्या घरघराटात खाली वाकून जॅकहॅमर धरणाऱ्या इसमाने आवाज ऐकून, मान वर करून, बाजूला उडी घ्यावी, इतका अवधी त्यात नाही. डोक्यावरची शिरस्त्राणाची टोपी लहानसहान खड्यापासून वाचविते, आणि ती असलीच पाहिजे. परंतु घनफुटाच्या धोंड्यापुढे तिचा काही इलाज चालत नाही.

म्हणून अनुभवी मेट सकाळी काम सुरू होण्यापूर्वी कड्याची तपासणी करतो, आणि ती कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. तो वरच्या बाजूने, कमरेला दोर बांधून, हातात लांब पहार घेऊन उतरतो, आणि पुढे आलेल्या प्रत्येक कपारीवर ती ठोकतो. जोडलेला दगड खणखणीत आवाज देतो. मागून सुटलेला दगड बद्द बोलतो. बद्द बोलणाऱ्या दगडाच्या भेगेत पहार घालून तो पाडावयाचा, आणि हे चालले असताना खाली कोणीही उभे राहावयाचे नाही. माथ्याच्या कडेपासून तीन मीटरांच्या आत झाड, सुटा दगड किंवा मातीचा ढीग राहू द्यावयाचा नाही. आणि कड्याचा पाया आतून पोखरून वरचा भाग छज्ज्यासारखा लोंबत ठेवावयाचा नाही. यांतील शेवटच्या दोन गोष्टी विनियमांत स्पष्टपणे लिहिलेल्या आहेत. पहारीच्या आवाजाची परीक्षा कोणत्याही छापील नमुन्यात भरता येत नाही, पण तपासणीच्या नोंदवहीतील ‘कडा सुरक्षित’ या दोन शब्दांना जो काही अर्थ असतो तो तिच्यामुळेच असतो.

परंतु तपासणी हा दुसरा उपाय झाला. पहिला उपाय खाणीच्या आकारातच असावा लागतो, आणि लहान खाणीचे खरे दुखणे येथे आहे. मुरूम-मातीच्या भागात दीड मीटरांहून उंच नसलेल्या, आणि कठीण खडकात सर्वसाधारणपणे सहा मीटरांहून उंच नसलेल्या पायऱ्या पाडीत, वरून खाली, क्रमाक्रमाने उत्खनन करावे, आणि पायरीची रुंदी तिच्या उंचीहून कमी नसावी, असा विनियमांचा रोख आहे; मोठी यंत्रे वापरावयाची असल्यास वेगळी परवानगी घेऊन तिच्या अटी पाळाव्या लागतात. शिवाय हद्दीपासून साडेसात मीटरांची पट्टी न खोदता सोडावी लागते. सुटलेला दगड वरच्या पायरीवर अडून राहावा, आणि एक बाजू ढासळली तरी तिचा मारा तळापर्यंत पोहोचू नये, हा यातील हेतू. आता याचा हिशेब मांडून पाहावा. शंभर मीटर लांब आणि तितकेच रुंद, म्हणजे एक हेक्टराचे, क्षेत्र घ्या आणि ते तीस मीटर खोल जाणार आहे असे समजा. हद्दीची पट्टी सोडल्यावर पंच्याऐंशी मीटरांचा चौरस उरतो. त्याच्या बाजू विहिरीच्या भिंतीसारख्या सरळ उभ्या कापीत गेल्यास २,१६,७५० घनमीटर दगड निघतो. त्याच चौरसात सहा मीटर उंचीच्या आणि सहा मीटर रुंदीच्या पायऱ्या ठेवीत गेल्यास तळाशी केवळ सदतीस मीटरांचा चौरस उरतो, आणि एकूण दगड निघतो १,२०,२७० घनमीटर. फरक शेकडा ४४ हून अधिक. व्यवहारातील मापाने बोलावयाचे तर सुमारे चौतीस हजार ब्रास दगड पायऱ्यांच्या रूपाने भिंतींत अडकून राहतो.

हा आकडा मनात ठेवला म्हणजे लहान खाणींच्या बाजू सर्वत्र उभ्या का दिसतात, याचा उलगडा व्हावयास वेळ लागत नाही. मालकाने भाडेपट्ट्यासाठी, यंत्रांच्या कर्जासाठी आणि परवान्यांसाठी जो पैसा ओतलेला असतो त्याची फेड करणारा दगड त्या भिंतींतच असतो. आणि नियम मोडण्याचा मोह एखाद्या दिवशी एकदाच होऊन संपत नाही, तो पायरीपायरीने, मीटरामीटराने होत राहतो. पहिल्या वर्षी पायरी अरुंद होते, दुसऱ्या वर्षी ती नाहीशी होते, आणि तिसऱ्या वर्षी जो कडा उभा राहतो त्याला पुन्हा पायऱ्या पाडण्यास माथ्यावर जागाच शिल्लक नसते, कारण हद्द येऊन भिडलेली असते. मे २०२२ मध्ये तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातील एका खोल दगडखाणीत, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिझोरममधील मौदढ येथील खाणीत, कडा कोसळून कामगार गाडले गेले. मौदढच्या दुर्घटनेत १२ जण मरण पावले. अशा बातम्यांत ‘अचानक’ हा शब्द हटकून येतो. कोसळण्याचा क्षण अचानक येत असेल; तो ज्या आकारातून उद्भवतो तो आकार वर्षानुवर्षे, दिवसाच्या उजेडात, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडत असतो.

रस्त्याचीही हीच कथा. खाणीतून वर येणाऱ्या रस्त्याचा चढ सोळास एक याहून तीव्र नसावा, अशी अट महानिदेशालयाच्या परवानग्यांत सामान्यतः घातली जाते. तीस मीटर खोलीसाठी या हिशेबाने चारशे ऐंशी मीटर लांबीचा रस्ता हवा. आणि आपल्या चौरसाचा सगळा परिघ तीनशे चाळीस मीटरांचा. म्हणजे खाणीच्या चारी बाजूंनी जवळजवळ दीड वळसा घेऊन रस्ता वर यावयास हवा, आणि तोही पायऱ्यांवरूनच काढता येईल. पायऱ्या नसल्या की रस्ता एका कोपऱ्यातून सरळ वर चढविला जातो. भरलेला डंपर पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतो, रिकामा ब्रेक तापवीत उतरतो, कडेला मातीचा बांध नसतो, आणि मागे घेताना चालकास मागचे दिसत नाही. वाहनाखाली येणे आणि वाहनासह खाली जाणे हे दोन्ही प्रकार दगडखाणीच्या अपघातांत वारंवार आढळतात, आणि दोहोंचा दोष चालकाच्या माथी मारून प्रकरण मिटविण्याचा शिरस्ता आहे. चढ कोणी आखला, बांध कोणी घातला नाही, मागे घेण्याचा भोंगा बंद असताना गाडी कामावर कोणी लावली, हे प्रश्न पंचनाम्यात क्वचितच उमटतात.

सुरुंगाचे काम हे शिस्तीचे काम आहे, आणि त्यातील शिस्तीचा प्रत्येक टप्पा पदार्थविज्ञानावर आधारलेला आहे. छिद्रात स्फोटकाच्या कांड्या उतरवून वर ओल्या मातीची घट्ट ठासणी करावयाची, ती यासाठी की स्फोटाचा वायू वाट न मिळाल्याने खडक फोडण्यास आपली शक्ती खर्च करील. ठासणी अपुरी राहिली, किंवा छिद्र कड्याच्या अगदी जवळ घेतले, किंवा दारूचे प्रमाण वाढविले, की तीच शक्ती दगड उडविण्यात जाते, आणि शेतात काम करणाऱ्या अथवा रस्त्याने जाणाऱ्या एखाद्यास तिचा प्रसाद मिळतो. ठासावयाचा दंडा लाकडी असावा, लोखंडी नसावा; सुरुंगाभोवती तीनशे मीटरांचे वर्तुळ धोक्याचे समजून त्यातील प्रत्येक माणूस आडोशाला गेल्याची खात्री केल्यावाचून ठिणगी देऊ नये; उडालेल्या सुरुंगांचे आवाज मोजावेत; आणि एकही कमी भरला तर वातीच्या सुरुंगाच्या बाबतीत निदान तीस मिनिटे कोणीही जवळ फिरकू नये. न उडालेल्या छिद्रातील माती उकरून कांडी बाहेर काढण्याचा प्रयत्न करणे, किंवा जुन्या छिद्राच्या उरलेल्या खोबणीत पुन्हा छिद्र घेणे, यांस विनियमांनी स्पष्ट मनाई केली आहे; कारण खोबणीच्या तळाशी स्फोटकाचा अंश शिल्लक असू शकतो, आणि यंत्राच्या टोकाचा एक आघात त्यास पुरतो. आयती खोबण मिळाली की छिद्राची हातभर मेहनत वाचते, एवढ्यासाठी ही मनाई मोडली जाते. स्फोटकांच्या परवान्यांचे दफ्तर पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. परंतु एका लहान खाणीला महिन्यातून चार-सहा वेळाच ब्लास्टर लागतो, कायम नोकरीचा ब्लास्टर परवडत नाही, आणि मग प्रमाणपत्र एकाचे आणि हात दुसऱ्याचे, अशी विपरीत व्यवस्था काही ठिकाणी रूढ होते.

कड्याखालून दगड क्रशरवर जातो, आणि तेथे इजांचे स्वरूप पालटते. येथे मरणाहून अपंगत्व अधिक आढळते. कन्व्हेयरचा पट्टा जेथे पुलीभोवती वळतो तेथे पट्टा आणि पुली यांच्यामध्ये एक निमुळती फट असते; पट्टा चालू असताना तीत शिरलेली वस्तू मागे येत नाही. टेल पुलीखाली सतत दगडाची कच सांडते, ढीग पट्ट्याला घासू लागतो, आणि तो फावड्याने ओढून काढण्याचे काम बहुधा एखाद्या स्त्रीकडे असते. पट्टा थांबविला तर क्रशर थांबतो, क्रशर थांबला तर डंपर खोळंबतात; म्हणून पट्टा चालू ठेवूनच कच काढली जाते, आणि पदराचे टोक, सैल बाही किंवा फावड्याचा दांडा पुलीत सापडतो, की हात खांद्यापर्यंत ओढला जातो. यावरील उपाय महाग नाहीत. पुलीभोवती लोखंडी जाळी, पट्ट्याच्या बाजूने ओढताच यंत्र बंद करणारी दोरी, आणि साफसफाईपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याचे कुलूप काम करणाऱ्याच्याच ताब्यात देण्याची पद्धत, एवढ्याने हा प्रकार जवळजवळ संपतो. जाळी बसविलेली असतेही. कच काढण्यास आड येते म्हणून एकदा काढतात, आणि मग ती क्रशरच्या मागे गंजत पडते.

धुळीची इजा मात्र दिसत नाही, आणि म्हणून तिची नोंद होत नाही. काळ्या पाषाणात सिलिका वजनाने निम्म्याच्या आसपास असते, परंतु ती बहुतांशी इतर घटकांशी संयुक्त असते. मुक्त स्फटिकरूप सिलिका त्यात थोडी. त्यामुळे राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणींत सिलिकोसिसने जो कहर केला, तितका काळ्या दगडाच्या धुळीने होत नाही. यावरून निर्धास्त होणे योग्य ठरणार नाही, कारण पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटीचे स्फटिक असतातच, आणि पूर्व विदर्भात व सिंधुदुर्गात क्वार्ट्झयुक्त खडकही फोडला जातो. सिलिकोसिसवर औषध नाही. झिजलेली फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत, त्यांत क्षयाचा शिरकाव सुलभ होतो, आणि गावातील दवाखान्यात रोगाचे निदान क्षय एवढेच होऊन थांबते. खाणीत किती वर्षे काम केले, हा एकच प्रश्न डॉक्टरने विचारला तर पुष्कळ रोग्यांची खरी गणना होईल. हा रोग कायद्याने अधिसूचित आहे. तो आढळल्यास मालकाने आणि वैद्याने दोघांनीही कळविले पाहिजे, आणि कामगाराची वैद्यकीय तपासणी नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर दर पाच वर्षांच्या आत झाली पाहिजे. छिद्र पाडताना पाण्याची धार सोडणे आणि क्रशरच्या तोंडाशी पाण्याचे फवारे चालू ठेवणे, हा मुखपट्टीहून पुष्कळ प्रभावी उपाय आहे. कारण तो धूळ हवेत उठूच देत नाही.

येथपर्यंत दगडाचा आणि यंत्राचा विचार झाला. आता मजुरीचा केला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या घण आणि सुतकी चालविणारे वडार आणि बेलदार समाजातील लोक, आणि अलीकडे कर्नाटक, बिहार, झारखंड, ओडिशा इकडून आलेले मजूर, यांच्या कष्टांवर या खाणी उभ्या आहेत. पुष्कळांना हंगामाच्या आरंभी मुकादमाकडून उचल मिळालेली असते, आणि मजुरी ब्रासवर किंवा गाडीवर ठरलेली असते. ब्रासवर मजुरी घेणाऱ्याने सकाळचा एक तास कपारी पाडण्यात घालविला तर त्या तासाचे त्याला काही मिळत नाही. सुरुंगानंतर अर्धा तास थांबला तर तो अर्धा तास त्याच्याच पोटातून जातो. मग ‘मजूरच ऐकत नाहीत, टोपी घालत नाहीत’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचे उत्तर मजुरीच्या दरातच सापडते: सुरक्षिततेचा वेळ ज्याच्या खर्चाने घ्यावयाचा तो सर्वांत दरिद्री मनुष्य असेल, तर तो वेळ घेतला जाणार नाही. खाणीशेजारच्या झोपड्यांत त्यांची मुले वाढतात; वाघोलीकडील खाणींवर ‘संतुलन’ या संस्थेने पाषाणशाळा चालविल्या, त्यामुळे कित्येक मुले कड्यावरून वर्गात गेली. मोकळ्या सोडलेल्या खाणींत पावसाचे पाणी साचते आणि कुंपण नसते, म्हणून ज्या मुलांनी खाणीत कधी काम केले नाही त्यांनाही तिच्यापासून धोका उरतोच.

अपघात घडल्यानंतर काय व्हावे, याविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे, आणि प्रत्येक कामगाराच्या घरी तो ठाऊक असावयास हवा. बोटाचे एखादे हाड मोडले तरी ती गंभीर इजा ठरते आणि तिची खबर महानिदेशालयास द्यावी लागते. बहात्तर तास किंवा अधिक काळ कामावर येता आले नाही तर तीही नोंदविण्याजोगी इजा होय. नुकसानभरपाईची तत्त्वे १९२३ च्या अधिनियमाने घालून दिली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली आहेत. मृत्यूच्या प्रसंगी मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणावयाचे. २०२० च्या अधिसूचनेने यासाठी वेतनाची मर्यादा पंधरा हजार रुपये धरली असून तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे, म्हणजे त्याच्या कुटुंबाचा हक्क १५,५९,८५० रुपयांचा होतो. अंगठा गेला तर कमाईची क्षमता शेकडा ३० ने, आणि एक डोळा गेला तर शेकडा ४० ने घटली असे परिशिष्ट सांगते. मृत्यू घडला असता कामगाराने नियम मोडला होता ही सबब मालकास तारीत नाही. कामगार मक्तेदाराचा होता ही सबबही तारीत नाही, कारण मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. अंत्यविधीच्या दिवशी घरी येऊन हातावर ठेवलेली आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ‘मिटविलेली’ रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई नव्हे. मागणी करण्यास दोन वर्षांची मुदत आहे. या हक्काचा पाया मात्र हजेरीपत्रक आहे. ज्याचे नाव हजेरीवर नाही त्याला आपण त्या खाणीत होतो हेच प्रथम सिद्ध करावे लागते. म्हणून नोंदवहीला केवळ कागद म्हणून हिणवू नये. परगावच्या मजुराचे खाणीतील अस्तित्व ज्यावर लिहिले जाते असा तो एकुलता एक दस्तऐवज असतो.

लहान खाणीवर शासनाची दृष्टी नसते असे मुळीच नाही; ती दोन भागांत विभागलेली असते. गौण खनिज म्हणून दगडाचा हिशेब महसूल खाते ठेवते: भाडेपट्टा जिल्हाधिकाऱ्यांकडून, स्वामित्वधन ब्रासप्रमाणे, वाहतुकीचा परवाना गाडीगणिक, आणि चुकविल्यास दंड. तहसीलदार आणि तलाठी खाणीत वारंवार येऊ शकतात, पण ते किती दगड निघाला हे मोजतात. कडा किती उभा झाला हे पाहण्याचा अधिकार केंद्राच्या खाण निरीक्षकाचा, आणि त्याच्या वाट्याला विस्तीर्ण प्रदेशातील असंख्य खाणी येतात. वस्तुतः जी मोजणी खड्ड्याचे आकारमान काढते तीच त्याच्या बाजूंचा उतारही सांगू शकते. यंत्राने घेतलेल्या एकाच नकाशात दोन्ही गोष्टी उमटतात. भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणासमयी पायऱ्यांचा नकाशा पाहिल्यावाचून पुढील मुदत देऊ नये, एवढा एक शिरस्ता जिल्ह्याच्या पातळीवर पडला तर निरीक्षकाच्या वाटेवर डोळे लावून बसावे लागणार नाही.

परंतु मूळ उपाय आकाराचा आहे, आणि त्यासाठी मघाचा हिशेब पुढे चालविला पाहिजे. एकमेकांना लागून असलेल्या, प्रत्येकी एक हेक्टराच्या चार खाणी नियमानुसार पायऱ्या ठेवून चालविल्या तर चौघींतून मिळून ४,८१,०८० घनमीटर दगड निघेल. मधल्या हद्दी पुसून त्याच चार हेक्टरांची, दोनशे मीटर बाजूची, एकच खाण केली आणि त्याच उंची-रुंदीच्या पायऱ्या ठेवल्या, तर निघणारा दगड ७,८६,२७० घनमीटर होईल. उभ्या भिंतींच्या तुलनेत पायऱ्यांपायी होणारी तूट, जी एका हेक्टरात शेकडा ४४ होती, ती चार हेक्टरांत २३ वर येते. आणि चौघे मिळून तीन लाख घनमीटरांहून अधिक दगड, कोणाचाही जीव टांगणीला न लावता, मिळवितात. सोळास एकचा रस्ता तेथे बसतो. एक पूर्णवेळ ब्लास्टर, एक पात्र व्यवस्थापक, प्रथमोपचाराची एक सुसज्ज खोली आणि पाण्याचे फवारे यांचा खर्च चौघांत वाटला जातो. ज्या राज्यात ऊस गाळण्यासाठी आणि दूध विकण्यासाठी सामान्य शेतकऱ्यांनी सहकाराने प्रचंड संस्था उभ्या केल्या, तेथे चार खाणमालकांनी एक सामायिक आराखडा करणे अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांखालील गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली, आणि त्यानंतर शेजारच्या खाणींचा समूह म्हणून विचार करण्याची दिशा धोरणात आली. तीच दिशा कामगाराच्या सुरक्षेपर्यंत नेली पाहिजे.

यासोबत मजुरीत एक सुधारणा हवी: कडा तपासण्याचा, सुरुंगानंतर थांबण्याचा आणि पट्टा बंद ठेवून साफसफाई करण्याचा वेळ हा रोजंदारीचा, पगारी वेळ धरला जावा, आणि कड्याखाली जाण्यास धोका वाटला तर नाही म्हणण्याचा मजुराचा अधिकार उचलीच्या ओझ्याखाली दडपला जाऊ नये. यांतील एकही गोष्ट विज्ञानाला अपरिचित नाही, आणि बहुतेक गोष्टी कायद्यात आधीच आहेत. रस्ता बांधणारी सरकारी खातीच खडीची सर्वांत मोठी गिऱ्हाइके आहेत. तेव्हा निविदेत खडीच्या प्रतीबरोबर ती कोणत्या आकाराच्या खाणीतून आली याचाही दाखला मागण्याचे सामर्थ्य त्यांच्या हाती आहे. पायऱ्यांत अडकून राहणाऱ्या दगडाची किंमत खडीच्या दरात धरली गेली पाहिजे, आणि ती खडी वापरणाऱ्या आपण सर्वांनी दिली पाहिजे. आज ती किंमत कड्याखाली उभा असलेला मनुष्य एकटाच देत आहे, आणि सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजाने ती त्याच्याकडून घेत राहणे न्याय्य नाही.